जुन्या स्टीलच्या एमटीबीची ड्रॉप बार टूरिंग सायकल

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावच्या घराच्या पडवीत धूळ खात उभी असलेली, शॉकअप नसलेली, २६ इंची चाकांची जुनी स्टीलची एमटीबी (माउंटन बाईक) लांबच्या प्रवासासाठी फार गुणी सायकल असते. फ्रेम दणकट, जाड टायर बसायला भरपूर जागा, चढाला पुरतील असे हलके गिअर, कॅरिअर बसवायला भोकं. टूरिंगला लागतं त्यातलं बहुतेक सगळं तिच्यात असतंच. नसतात त्या हात ठेवायच्या वेगवेगळ्या जागा. सरळ हँडलवर तळहात दिवसभर एकाच कोनात दाबून राहतात, काही तासांत करंगळी बधिर व्हायला लागते आणि समोरून वारा सुटला तर वाकून लपायला जागा नसते. रेसिंग सायकलीच्या वाकड्या हँडलला, म्हणजे ड्रॉप बारला, निदान तीन पकडी मिळतात: वरच्या सपाट भागावर, ब्रेकच्या रबरी टोपणांवर आणि खालच्या वळणात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकन रेसर जॉन टोमॅक १९९० साली ड्रॉप बार लावलेल्या एमटीबीवर डोंगरातल्या शर्यतींत उतरत असे. पुढे सर्ली कंपनीने लाँग हॉल ट्रकर ही टूरिंग सायकल काढली, तीही बरीच वर्षं २६ इंची चाकांत मिळायची. कारण साधं आहे: या मापाचं टायर-ट्यूब जगात कुठेही सापडतं आणि लहान चाक ओझ्याखाली जास्त टिकतं.

नुसतं हँडल बदलणं तासाभराचं काम आहे. अवघड असतं ते त्या हँडलमुळे बदलणाऱ्या तीन गोष्टी जुळवणं: तुमची पोहोच, ब्रेकच्या तारेची ओढ आणि गिअरचे लिव्हर. बहुतेक जण आधी लिव्हर विकत घेतात आणि मग फ्रेम शोधतात. क्रम उलटा हवा. आधी फ्रेम, मग मापं, मग ब्रेक आणि सगळ्यात शेवटी गिअर. माझी स्वतःची आणखी एक अट असते: जिथे फिरायला जाणार, तिथल्या मिस्त्रीला उघडता येणार नाही असं काही सायकलवर शक्यतो लावायचं नाही. मी हे लिहिताना डोळ्यांसमोर कोकणचा रेवस ते रेडी सागरी मार्ग धरला आहे, कारण टूरिंग सायकलीची सगळी परीक्षा तिथे होते. खाडीच्या काठावरून थेट सड्यावर नेणारे खडे चढ, तसेच उतार, खारी हवा, आणि गिअरची सायकल दुरुस्त करणारं दुकान पुढच्या तालुक्याच्या गावी.

फ्रेम निवडताना

फ्रेमवर क्रोमोली किंवा ४१३० (चांगल्या मिश्र पोलादाची खूण) असं लिहिलेलं असलं तर उत्तम. स्टिकर निघून गेला असेल तर सीटपोस्ट काढून त्याचा व्यास बघा. तो २७.२ मिलिमीटरच्या आसपास असला तर नळी पातळ आणि चांगल्या पोलादाची असण्याची शक्यता बरीच. २५.४ असला तर बहुधा जाड नळीची, साध्या पोलादाची हाय-टेन फ्रेम आहे. हाय-टेन फ्रेमला नाक मुरडू नका. ती जड असते, पण सामान लादल्यावर तो फरक फारसा उरत नाही, आणि मोडली तर गावातला वेल्डरही सांधू शकतो.

सीटपोस्ट निघतच नसेल तर ती सायकल घेऊ नका. आत गंजून बसलेला पोस्ट काढण्यात फ्रेम खराब होऊ शकते. हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या आखूड उभ्या नळीला, डाउन ट्यूब (खालची तिरकी नळी) जिथे मिळते त्या सांध्याच्या खाली बोट फिरवा. रंगाला आडवी सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे. बीबीच्या, म्हणजे पॅडलचा दांडा फिरतो त्या बेअरिंगच्या घराच्या, आजूबाजूला आणि मागच्या चाकाच्या खाचांपाशी चिरा बघा. फ्रेम सरळ आहे का हे एका दोऱ्यावर कळतं. मागच्या एका खाचेपासून दोरा हेड ट्यूबभोवती फिरवून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो.

पुढचं चाक धरणारा चिमटा साधा, शॉकअपशिवायचा हवा. शॉकअप काढून साधा चिमटा लावता येतो, पण मग ॲक्सलपासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतची लांबी जुन्याएवढीच ठेवावी लागते. ती दोन सेंटिमीटरने कमी झाली की पुढचा कोन साधारण एक अंशाने खडा होतो आणि सायकल चुळबुळी चालते. नवख्याने या भानगडीत पडू नये. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या, मुळातच साध्या चिमट्याच्या सायकली यासाठी सर्वांत योग्य.

भोकांकडे लक्ष द्या. मागच्या खाचांजवळ आणि सीटच्या खालच्या नळ्यांवर कॅरिअरसाठी पाच मिलिमीटर बोल्टची भोकं असावीत. ब्रेकचे हात बसवायला चिमट्यावर आणि मागच्या नळ्यांवर खुंट असावेत. खुंट नसले तर काम अडत नाही, पण मग रोड सायकलीसारखे कॅलिपर ब्रेक लावावे लागतात, आणि जाड टायरवरून जाणाऱ्या लांब हातांच्या कॅलिपरची पकड सामान लादल्यावर तोकडी पडते.

पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा ओळखीतून सायकल घेतलीत तर फ्रेम नंबर लिहिलेली साधी पावती तरी घ्या. चोरीची सायकल नकळत पदरात पडू नये.

मोजमाप: सगळ्यात महत्त्वाचा भाग

सरळ हँडलवर हात जिथे असतात, त्याच्यापुढे साधारण १० सेंटिमीटरवर ड्रॉप बारच्या टोपणांवरची पकड येते. म्हणजे तीच सायकल, तीच फ्रेम, आणि तुम्ही एकदम १० सेंटिमीटर पुढे ताणलेले. त्यात एमटीबीची टॉप ट्यूब, म्हणजे वरची नळी, मुळातच लांब. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला रोड सायकलीत ५४ च्या आसपास टॉप ट्यूब लागते. त्याच माणसाच्या एमटीबीत ती ५७-५८ सहज निघते. टॉप ट्यूब तिरकी असेल तर नळीवर टेप ठेवू नका. हेड ट्यूबच्या वरच्या टोकापासून जमिनीला समांतर रेषेत सीटपोस्टपर्यंत मोजा.

हे अंतर भरून काढायचे मार्ग ठरलेले आहेत. एक, आखूड स्टेम, म्हणजे चिमट्याला हँडल जोडणारा तुकडा. जुन्या एमटीबींवर १२ सेंटिमीटरचा स्टेम हमखास असायचा. त्याजागी सहाचा लावला की ६ सेंटिमीटर परत मिळाले. दोन, हँडल उंच करणं. हेड ट्यूब मागे झुकलेली असल्यामुळे हँडल ३ सेंटिमीटर वर गेलं की जवळजवळ एक सेंटिमीटर मागेही येतं. तीन, कमी पुढे जाणारा ड्रॉप बार. ७० मिलिमीटर रीचचा बार आणि ८५ चा बार यांत दीड सेंटिमीटर तिथेच वाचतो. बेरीज जमत नसेल तर फ्रेम एक माप लहान घ्या. लहान फ्रेमला लांब सीटपोस्ट लावता येतो, मोठी फ्रेम मात्र कापून आखूड करता येत नाही.

सीट पुढे सरकवून पोहोच कमी करू नका. सीटची जागा गुडघ्यावर ठरते, हातांवर नाही. आधी सीट योग्य उंचीला आणि योग्य जागी बसवा. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ व्हावा, ही सुरुवातीला पुरेशी कसोटी आहे. त्यानंतर सीटला हात न लावता हँडल जुळवा. टूरिंगसाठी बारचा वरचा भाग सीटच्या उंचीला किंवा थोडा वर असावा. तो खाली ठेवला की खालच्या वळणातली पकड नुसती शोभेची राहते, कारण तिथे कोणी पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही.

स्टेम घेताना दोन व्यास तपासा. जुन्या आट्यांच्या चिमट्यात आत जाणारा क्विल स्टेम असतो. एक इंची चिमट्यात त्याचा दांडा २२.२ मिलिमीटरचा, सव्वा इंचाच्या किंचित खालच्या, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंची चिमट्यात २५.४ चा. दुसरा व्यास बार धरणाऱ्या कड्याचा. जुन्या एमटीबीच्या स्टेमचं कडं २५.४ चं, जुन्या ड्रॉप बारचा मधला भाग बहुधा २६ चा आणि हल्लीचे बार ३१.८ चे. २५.४ च्या कड्यात २६ चा बार पाचर मारून घुसवण्याचा मोह होतो. तसं करू नका. तिथे कडं तडकलं तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. क्विल चिमट्यात बसणारा अडॅप्टर घेऊन त्यावर हल्लीचा ३१.८ चा आखूड स्टेम लावणं हा मला सर्वांत सोयीचा मार्ग वाटतो, कारण मग स्टेम बदलून बघणं स्वस्त आणि सोपं होतं. क्विलवर कमीत कमी किती आत हवा याची रेघ कोरलेली असते. ती कधीही बाहेर दिसता कामा नये.

बारची रुंदी खांद्यांच्या रुंदीएवढी किंवा एक माप जास्त घ्या. ४४ सेंटिमीटर बहुतेकांना चालतो. खालची टोकं थोडी बाहेर फाकलेला बार ओझ्याच्या सायकलीला चांगला: खडबडीत उतारावर हात रुंद राहतात आणि पुढची पिशवीही मनगटाला लागत नाही.

खोलणं, साफसफाई आणि छर्रे

नवं काही लावण्याआधी सायकल पूर्ण खोला. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं. बीबीचा उजवा, म्हणजे चेनच्या बाजूचा कपही बहुतेक सायकलींत उलट्या आट्याचा असतो. हे विसरून जोर लावला की आटे जातात. बीबीत पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला अकरा. मागच्या हबमध्येही पाव इंची, प्रत्येक बाजूला नऊ. पुढच्या हबमध्ये तीन सोळांश इंची, प्रत्येक बाजूला दहा. छर्रे स्वस्त असतात. जुने पुन्हा घालू नका. कप आणि कोनवर खड्डे पडले असतील तर तेही बदला. जुना चौकोनी बीबी काढून बंद कार्ट्रिज टाकायचा असेल तर शेलची रुंदी (६८ की ७३ मिलिमीटर) आणि जुन्या ॲक्सलची लांबी मोजूनच दुकानात जा.

सुटा झालेला प्रत्येक आटा पुसून, ग्रीस लावून परत बसवा. खाऱ्या हवेत जाणाऱ्या सायकलीला याची दुप्पट गरज आहे.

चाकं

२६ इंच या नावाखाली वेगवेगळी मापं खपतात. एमटीबीच्या टायरवर ५५९ हा आकडा असतो आणि मापं २६ x १.७५, २६ x १.९५ अशी दशांशात लिहिलेली असतात. साध्या सायकलीचं २६ x १ ३/८, अपूर्णांकातलं, ५९० चं असतं आणि ते या रिमवर बसत नाही. दुकानदाराला नुसतं "सव्वीसचं टायर द्या" म्हणू नका.

दातेरी टायर काढून टाका. डांबरी रस्त्यावर ते फक्त आवाज करतात आणि दमवतात. दीड ते दोन इंच रुंदीचं, मधोमध गुळगुळीत टायर लावा. सामानासह मागे ५० आणि पुढे ४० पीएसआयच्या आसपास सुरुवात करा, टायरच्या बाजूला लिहिलेली मर्यादा पाळा आणि मग स्वतःच्या वजनाप्रमाणे कमीजास्त करा. ट्यूब मोटारीसारख्या जाड वॉल्व्हची घ्या, रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे तिच्यात हवा भरता येते.

रिम स्टीलची, क्रोम केलेली असेल तर ती बदलाच. ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर जवळजवळ धरतच नाही, आणि कोकणात पाऊस सांगून येत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवर ३६ स्पोकचं चाक ओझ्यासाठी उत्तम, ३२ चंही व्यवस्थित बांधलेलं असेल तर चालतं. चाकाचा आऊट काढून घेताना मिस्त्रीला सगळे स्पोक सारख्या ताणाचे करून द्यायला सांगा. नुसतं सरळ फिरणारं चाक आणि सारख्या ताणाचं चाक यांतला फरक शे-दोनशे किलोमीटरनंतर कळतो. स्पोक तुटतात ते जवळपास नेहमी ढिले असल्यामुळे.

मागे फ्रीव्हीलचा हब आहे (चक्रांचा गठ्ठा आट्यांनी हबवर बसतो) की कॅसेटचा (चक्रं हबच्या खाचांवर सरकवून बसतात), हे बघून ठेवा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग खूप आत असतं, त्यामुळे ॲक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो आणि जड ओझ्याखाली वाकतो किंवा तुटतो. हलक्या सामानाला तो चालतो. मागे दोन भरलेल्या पिशव्या टांगणार असाल तर कॅसेटच्या हबवर पैसे घाला. खाचांमधलं अंतर १३० असेल आणि हब १३५ चा असेल तर स्टीलची फ्रेम पाच मिलिमीटर आनंदाने फाकते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीच करू नका.

ब्रेक

इथे घाई करू नका.

सरळ हँडलचे ब्रेक लिव्हर ड्रॉप बारवर बसत नाहीत. सरळ हँडलची मुठीची जाडी २२.२ मिलिमीटर, ड्रॉप बारची २३.८. म्हणून ड्रॉप बारचे लिव्हर घ्यावे लागतात, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो. व्ही-ब्रेकला, म्हणजे लांब उभ्या हातांच्या ब्रेकला, तार खूप ओढावी लागते, कँटिलिव्हरला (आखूड, बाहेर फाकलेल्या हातांचा ब्रेक) आणि कॅलिपरला जवळजवळ निम्मी. ड्रॉप बारचा नेहमीचा लिव्हर कमी तार ओढतो. तो लांब हातांच्या व्ही-ब्रेकला जोडला तर लिव्हर बारला टेकेपर्यंत दाबावा लागतो आणि रबर रिमला जेमतेम लागतं. उलट, जास्त ओढणारा लिव्हर कँटिलिव्हरला जोडला तर हाताला दगडासारखा कडक लागतो आणि सायकल थांबत नाही.

तुमच्या सायकलीवर आधीच कँटिलिव्हर असतील तर तुमचं काम सोपं आहे: कुठलेही साधे ड्रॉप बार लिव्हर घ्या. पुढच्या ब्रेकच्या केबलला अडवायला हेडसेटवर (हँडलखालच्या बेअरिंगवर) किंवा चिमट्यावर एक हँगर लागतो, तो विसरू नका. दोन्ही हातांना जोडणाऱ्या आडव्या तारेखाली मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी ठेवा. मुख्य तार तुटली तर आडवी तार दातेरी टायरवर पडून चाक अडकू शकतं, ती पट्टी तिला वर धरून ठेवते.

व्ही-ब्रेक असतील तर त्यांच्याचसाठी बनवलेले ड्रॉप लिव्हर मिळतात, टेक्ट्रोचा आरएल ५२० हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. दुसरा मार्ग म्हणजे ८५-९० मिलिमीटर हातांचे छोटे व्ही-ब्रेक. ते नेहमीच्या ड्रॉप लिव्हरवर चालतात, पण त्यांत रबर आणि रिममधलं अंतर फार कमी राहतं आणि मडगार्डला जागा पुरत नाही. नवख्यांना मी जास्त ओढणारा लिव्हर आणि पूर्ण मापाचा व्ही-ब्रेक हीच जोडी सुचवेन. जुळवायला सोपी, ओझ्यासह घाटात भरवशाची.

तारेच्या टोकाचा मणी वेगळा असतो हेही ध्यानात ठेवा. एमटीबीच्या ब्रेकच्या तारेला आडवं नळकांड्यासारखं टोक, ड्रॉप लिव्हरच्या तारेला नासपतीच्या आकाराचं. गावातल्या दुकानात बहुधा पहिलंच मिळतं, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या दोन तारा सामानात टाकून ठेवा. बाहेरची केबल ब्रेकसाठी पाच मिलिमीटरची, गुंडाळलेल्या पट्टीची. गिअरची केबल ब्रेकला कधीही लावू नका. तिच्यातल्या उभ्या तारा जोराच्या दाबाखाली फाटून बाहेर येतात आणि ब्रेक त्याच क्षणी निकामी होतो.

गिअर

चढासाठी किती हलका गिअर हवा, हे आधी कागदावर काढा. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा व्यास, म्हणजे २६. आकडा जितका लहान तितका गिअर हलका. जुन्या एमटीबींत पुढे २८-३८-४८ आणि मागे १४-२८ ही जोडी खूप दिसते. तिचा सर्वांत हलका गिअर २८ भागिले २८ गुणिले २६, म्हणजे २६ इंच. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग साधारण साडेसात किलोमीटर. रिकाम्या सायकलीला ठीक, पण दाभोळची फेरी उतरून धोपाव्याच्या बाजूला सामानासह चढताना हा गिअर गुडघे मागतो. नुसतं फ्रीव्हील बदलून १४-३४ चं लावलं की तो आकडा साडेएकवीसच्या आत येतो आणि त्याच ६० फेऱ्यांत तुम्ही ताशी सहा किलोमीटरने, धापा न टाकता चढता. मोठ्या टोकाला ४८ भागिले १४ म्हणजे ८९ इंच. मिनिटाला ८० फेऱ्यांत ताशी ३४ किलोमीटर. सामान लादलेल्या सायकलीला याहून जास्त कशाला हवं? ३४ दात्यांसाठी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा, एमटीबीचाच लागेल. जुना तोच असतो, तो ठेवा.

लिव्हरचे तीन पर्याय आहेत. बारच्या दोन्ही टोकांत बसणारे बार-एंड शिफ्टर, ब्रेकमध्येच गिअर असलेले ब्रिफ्टर आणि डाउन ट्यूबवरचे जुन्या धर्तीचे लिव्हर. जुने अंगठ्याचे शिफ्टर ड्रॉप बारवर थेट बसत नाहीत, कारण तोच व्यासाचा प्रश्न.

माझं मत बार-एंडच्या बाजूचं आहे, आणि तेही घर्षणावर, म्हणजे टिकटिक न करता फिरणारे. घर्षणाच्या लिव्हरला मागे सहा चक्रं आहेत की नऊ, डिरेलर कुठल्या कंपनीचा, खाच किंचित वाकली आहे का, याचं काही देणंघेणं नसतं. हात थोडा पुढेमागे केला की गिअर बसतो. दोन दिवसांत सवय होते. ब्रिफ्टर हवेच असतील तर शिमानोचे सात, आठ, नऊ स्पीडचे रोड ब्रिफ्टर त्याच स्पीडच्या एमटीबी मागच्या डिरेलरबरोबर चालतात. दहा स्पीडपासून एमटीबीचं ओढीचं प्रमाण बदललं, तिथे जुळत नाही. पुढचा एमटीबी डिरेलर मात्र रोड ब्रिफ्टरशी नीट जुळत नाही, कारण दोघांना लागणारी ओढ वेगळी आहे. शिवाय नव्या ब्रिफ्टरच्या जोडीची किंमत बऱ्याचदा जुन्या सायकलीपेक्षा जास्त असते, आणि आतलं काही बिघडलं तर वाटेत कोणालाही ते उघडता येत नाही.

चेन नवी घ्या. जुनी मोजून बघायची असेल तर १२ इंचांत बरोबर बारा पूर्ण जोड बसायला हवेत. पट्टीवर तेच अंतर एक अष्टमांश इंचाने वाढलेलं दिसलं तर चेन गेली आणि बहुधा तिच्याबरोबर मागची चक्रंही. लांबी ठरवताना चेन पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून, डिरेलरमधून न घालता, गुंडाळा आणि जिथे टोकं जुळतील तिथून दोन कड्या जास्त ठेवा.

केबल आणि टेप

लिव्हर बसवताना बारवर तात्पुरते आवळा, सायकलवर बसा, हात सहज जिथे पडतो तिथे टोपण येईपर्यंत फिरवत राहा. भिंतीला टेकून दहा मिनिटं असं बसलं तरी खूप कळतं. मग केबल कापा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: ओढ बसत असेल तर केबल आखूड आहे. कापलेलं टोक कानसीने सपाट करा, आत चेपलेलं भोक टोच्याने मोकळं करा आणि टोपी लावा. गिअर नीट न बसण्याच्या निम्म्या तक्रारी या टोकापाशी संपतात.

टेप सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो पहिला आठवडा सायकल चालवून झाल्यावर, कारण लिव्हरची जागा नक्की बदलावीशी वाटते. टेप खालच्या टोकापासून स्टेमकडे गुंडाळा. उलट गुंडाळली तर हाताच्या घासण्याने कडा उलगडतात.

कॅरिअर, मडगार्ड, ओझं

मागचा कॅरिअर स्टीलच्या नळीचा घ्या. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण तुटला तर वाटेत वेल्ड होत नाही. पिशवी अडकवून पॅडल उलटं फिरवा: टाच पिशवीला लागते का? मागची आडवी नळी ४३ सेंटिमीटरपेक्षा लांब असली तर सहसा लागत नाही. लागली तर पिशवी मागे सरकवायची सोय असलेला कॅरिअर बघा. भोकं नसलेल्या फ्रेमवर रबर लावलेल्या पत्र्याच्या क्लिपा आवळून कॅरिअर बसवता येतो. बोल्टना स्प्रिंग वॉशर घाला.

जड वस्तू खाली आणि फ्रेमच्या जवळ. सगळं ओझं मागे टाकलं की उतारावर हँडल थरथरायला लागतं. पुढच्या बारवर किंवा चिमट्यावर थोडं वजन आलं की ते थांबतं. तंबू, पाण्याची एक बाटली आणि हत्यारं पुढे ही वाटणी मला आवडते.

रस्त्यावर उतरण्याआधी

पुढचा ब्रेक पूर्ण दाबून सायकल जोराने पुढेमागे ढकला. खट्‌ असा आवाज आला तर हेडसेट ढिला आहे. पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल जोराने फिरवा. स्टेम सरकला तर आवळा. घाटात हे कळणं परवडत नाही.

पहिल्या फेऱ्या सामानाशिवाय, सपाट रस्त्यावर. मग एखादा छोटा घाट, पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट पुरे आहे. मग भरलेल्या पिशव्यांसह तोच घाट. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की क्रँकचे बोल्ट, स्टेम आणि कॅरिअर पुन्हा आवळा, स्पोक हाताने चाचपा, केबल ताणून घ्या. नव्या केबल सुरुवातीला बसतात आणि ढिल्या पडतात, यात घाबरण्यासारखं काही नाही.

तळहात बधिर होत असतील तर बार वर घ्या किंवा आखूड स्टेम लावा. मान दुखत असेल तरी पहिला उपाय तोच. खांद्यांच्या मधोमध दुखत असेल तर सीटचं नाक खाली झुकलेलं आहे का बघा. तसं असलं की तुम्ही पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता.

किनाऱ्याच्या प्रवासाला निघताना सामानात दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, नासपती टोकाच्या दोन ब्रेकच्या तारा, गिअरची एक तार, योग्य लांबीचे चार स्पोक, चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या फ्रीव्हीलचं किंवा कॅसेटचं काढणं, म्हणजे ते उघडायचं हत्यार, ठेवा. पाना वाटेत कुठेही मागून मिळतो, ते काढणं मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय मागच्या चाकाचा उजव्या बाजूचा स्पोक बदलता येत नाही. बागमांडला-वेसवी किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीवर सायकल चढवताना पिशव्या काढून ठेवण्याची गरज सहसा पडत नाही, पण कठड्याला टेकवून दोरीने बांधा. ओझ्याची सायकल बोट वळताना सहज आडवी होते.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, फवारा बेअरिंगवर न मारता. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा, आत पाणी साचलं असेल तर निघू द्या, नळीत थोडं तेल सोडून फ्रेम सगळीकडे कलती करून ते फिरवा. स्टीलची फ्रेम बाहेरून गंजते ती दिसते, आतून गंजते ती दिसत नाही. पोस्टला नवं ग्रीस लावून, उंचीच्या खुणेवर परत बसवा.